शिशाचे छरे सोडताना : खाडीकाठच्या एका दुनळीची हकिकत

मालवण तालुक्यातील खाडीकाठच्या आमच्या गावात परवान्याच्या ज्या मोजक्या बंदुका उरल्या आहेत, त्यांतली एक वडिलांच्या पश्चात माझ्या नावावर झाली. ती बर्मिंगहॅमला बनलेली, बारा बोअरची, शेजारी-शेजारी नळ्यांची जुनी दुनळी आहे आणि परवान्यावर शेतीसंरक्षण व स्वसंरक्षण अशी दोन्ही कारणे नोंदलेली आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे वनखात्याची लेखी परवानगी असल्याखेरीज जनावरावर नेम धरण्याचा प्रश्नच येत नाही. त्यामुळे भात पोटरीला आले की रात्री उतरणारी डुकरे आणि आंब्या-नारळाच्या बागेतले वानर यांना हुसकावण्यासाठी हवेत बार काढणे एवढाच तिचा उपयोग. निवडणुकीच्या आचारसंहितेत ती पोलीस ठाण्यात जमा होते आणि नेमक्या त्याच आठवड्यांत डुकरे भात लोळवतात, हे कोकणातल्या कोणत्याही परवानाधारकाला वेगळे सांगायला नको.

हवेत काढलेल्या बाराचे छरे कुठे जातात, याचा विचार आमच्या घरात कोणी केला नव्हता. बाराचा आवाज महत्त्वाचा, छरे काय, पडतील कुठेतरी, असाच सगळ्यांचा समज. बारा बोअरच्या साध्या काडतुसात सुमारे तीस ग्रॅम शिसे असते, म्हणजे पंचवीस काडतुसांचा एक डबा संपला की पाऊण किलो शिसे जमिनीत गेले. आमची भातजमीन खाजणाला, म्हणजे भरतीचे पाणी शिरणाऱ्या दलदलीला, लागून आहे. वडिलांपासूनचे सगळे बार त्याच बांधावरून, त्याच दिशेला निघालेले, आणि खाली गाळ. शिसे वाफ होऊन जात नाही की कुजत नाही. त्यातही आपली जांभ्याची जमीन आम्लधर्मी आणि पाऊस मुबलक, त्यामुळे छऱ्यावर गंज चढून त्याचा अंश मातीत आणि पाण्यात हळूहळू उतरत राहतो.

हा विषय डोक्यात शिरला तो स्वयंपाकघरातून. घरच्या कोंबडीचा पोटा साफ करताना पत्नीने मला हाक मारून विचारले, “अहो, ह्यां काय गावलां पोट्यात?” तिच्या तळहातावर वाळूचे खडे, भाताची दोन तुसे आणि मसुरीच्या डाळीएवढी एक चपटी, चकचकीत करडी टिकली होती. नखाने दाबल्यावर तिच्यावर ओरखडा उठला. तो चार नंबरचा छरा होता. मुळात ३.१ मिलिमीटरचा गोल, पण पोट्यातल्या खड्यांनी घासून त्याचा निम्मा भाग नाहीसा केला होता. ती कोंबडी त्याआधी काही दिवस खुराड्याच्या कोपऱ्यात पंख पाडून बसत होती आणि तिची विष्ठा हिरवी झाली होती. मरगळ आली म्हणूनच ती कापायला काढली होती. टिकली पाहिल्यावर मी मांस खड्ड्यात पुरायला लावले, आणि त्या दुपारी घरात माझ्याशी कोणी फारसे बोलले नाही.

पशुवैद्यकांना टिकली दाखवली, तेव्हा त्यांनी समजावून सांगितलेली गोष्ट पुढच्या सगळ्या खटपटीच्या मुळाशी आहे. दात नसल्याने पक्षी खडे गिळतात आणि पोट्यात धान्य दळतात. जमिनीवरचा छरा त्यांना खड्यासारखाच किंवा एखाद्या बीसारखा दिसतो. तो पोट्यात गेला की खड्यांचे घर्षण आणि जठराचे आम्ल दोन्ही मिळून त्याला झिजवतात, झिजलेले शिसे रक्तात जाते, अन्नमार्गाचे स्नायू लुळे पडतात आणि समोर दाणे असताना पक्षी उपाशी मरतो. बदकांना तर काही मोजके छरेही पुरतात. आमच्या खाजणात थंडीत अडई आणि हळदी-कुंकू बदके उतरतात आणि चिखल चाळत फिरतात. ती दूर कुठे जाऊन मेली, तर ते आम्हांला कळणारही नाही. कोंबडी घरची होती म्हणून कळले.

शिशाला पर्याय म्हणून पोलादी छरे वापरतात, एवढे मला ऐकून माहीत होते. म्हणून जिल्ह्याबाहेरच्या ज्या दुकानातून मी काडतुसे घेतो, तिथे चौकशी केली. दुकानदाराने असा माल आपल्याकडे येत नाही असे सांगितले आणि वर, “लोखंडाचे छरे मागणारे तुम्ही पहिलेच,” अशी पुस्तीही जोडली. गावात ही गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. ठासणीची बंदूक बाळगणारे एक शेजारी संध्याकाळी पडवीत येऊन म्हणाले, “मगे सायकलचे छरे घाला. ते पण लोखंडाचेच मां?” ते थट्टेत बोलले नव्हते. शिसे मिळाले नाही की ठासणीत बेअरिंगच्या गोळ्या घालणारी माणसे आपल्याकडे आहेत, म्हणून याबद्दल जरा विस्ताराने लिहितो.

काडतुसातला पोलादी छरा हा नावापुरताच पोलादी असतो. कार्बनचे प्रमाण अगदी कमी असलेल्या लोखंडाच्या तारेचे तुकडे करून ते गोल करतात आणि मग तापवून सावकाश थंड करतात, म्हणजे ते मऊ पडतात. व्हिकर्स मापाने त्याचा कठीणपणा शंभरच्या आसपास ठेवलेला असतो, जेणेकरून तो नळीच्या पोलादापेक्षा मऊ राहील. सायकलच्या बेअरिंगची गोळी मुद्दाम पाणी पाजून कडक केलेली असते. तिचा कठीणपणा त्याच मापाने सातशेच्या वर जातो, म्हणजे ती नळीपेक्षा कितीतरी कठीण. पोलादी छऱ्यांच्या काडतुसात त्यांच्याभोवती जाड प्लास्टिकची वाटी असते, त्यामुळे छरा नळीला शिवतच नाही. ठासणीत दारूवर काथ्याचा बोळा असतो, तो ते काम करीत नाही. तेव्हा बेअरिंगच्या गोळ्यांनी नळीला आतून चरे पडणार, आणि नळी जुनी व पातळ असेल तर ती कधी फाटेल याचा नेम नाही. हे सगळे मी शेजाऱ्यांना त्या संध्याकाळी सांगू शकलो नाही, कारण यातले बरेचसे मला नंतर कळले. त्या वेळी फक्त घालू नका, एवढे निक्षून सांगितले.

कळले ते इंग्लंडात. मुलगी आणि जावई नॉरफोकमध्ये किंग्ज लिनजवळ राहतात. त्यांच्याकडे हिवाळ्यात मुक्कामाला होतो, तेव्हा द वॉश नावाच्या विस्तीर्ण उथळ आखातात भरती-ओहोटीच्या दलदलीत बदकांची शिकार करणारे जावयाचे एक वयस्कर परिचित भेटले. त्यांच्याकडे १९९९ पासून किनारपट्टीवर आणि बदके, हंस यांच्यावर शिशाचे छरे वापरायला कायद्याने बंदी आहे. अमेरिकेने पाणपक्ष्यांच्या शिकारीसाठी ती १९९१ मध्ये देशभर लागू केली. डेन्मार्कने तर १९९६ मध्ये शिशाचे छरे सरसकट बंद केले, आणि युरोपीय संघातील पाणथळ जागांवर २०२३ पासून बंदी आहे. ब्रिटनमधल्या शिकारी संघटनांनी २०२० मध्ये पाच वर्षांत स्वेच्छेने शिसे सोडण्याचे ठरवले होते. ते पुरेसे साधले नाही, आणि जुलै २०२५ मध्ये सरकारने तीन वर्षांच्या मुदतीने बंदी आणण्याचे जाहीर केले. स्वेच्छेने सवय सुटत नाही ही गोष्ट मला तिथल्या माणसांपेक्षा आपल्याकडच्या अनुभवावरून अधिक लवकर पटली.

त्या गृहस्थांनी मला मातीच्या तबकड्या उडवण्याच्या मैदानावर नेले. तिथल्या १९६८ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे पोलिसांनी मान्य केलेल्या मैदानावर, ठरलेल्या वेळी, परवाना नसलेल्या माणसालाही देखरेखीखाली बंदूक चालवता येते. पाहुण्याच्या हाती बंदूक देण्याआधी त्यांनी काळजीपूर्वक चष्मा दिला आणि तो का, हेही सांगितले. शिशाचा छरा दगडावर आपटला की चपटा होतो आणि तिथेच पडतो, पोलादी छरा मात्र उसळून परत येतो. मला आमच्या बागेचे जांभ्याचे गडगे आणि उघडा कातळ आठवला. खांद्याला बसणारा दणका मला फारसा वेगळा वाटला नाही, पण बाराचा आवाज किंचित कडक वाटला. पोलाद हलके असल्यामुळे त्याला सुरुवातीला जास्त वेगाने सोडतात. तो वेग शिशापेक्षा लवकर उतरतो, म्हणून चाळीस यार्डांच्या पुढे पोलादावर भिस्त ठेवायची नाही, असा तिथल्या जाणत्यांचा दंडक आहे.

खरी शिकवणी कागदावर झाली. चाळीस यार्डांवर मोठा कोरा कागद ताणून त्यावर बार काढायचा, मग जिथे छिद्रे दाट आहेत तिथे मध्य धरून तीस इंच व्यासाचे वर्तुळ आखायचे आणि आतली छिद्रे मोजायची. हीच परीक्षा लोखंडी पत्र्यावर घ्यायची जुनी पद्धत होती, पण पोलादी छऱ्यांसाठी ती उसळीच्या भीतीने बाद झाली आहे. एकाच नळीतून आधी शिशाचे आणि मग पोलादाचे काडतूस सोडले, तेव्हा फरक उघड्या डोळ्यांना दिसला. शिशाच्या कागदावर छिद्रे कडेला विरळ होत पसरली होती आणि काही तर वर्तुळाच्या बाहेर होती. मऊ शिसे नळीतून निघताना दाबले जाते, छरा वेडावाकडा होतो आणि भरकटतो. पोलादाच्या कागदावर छिद्रे मध्याशी दाटली होती, जवळजवळ सगळी काठ स्वच्छ असलेली. छरे गोलच राहतात म्हणून ते एकत्र जातात. यावरूनच पोलादासाठी नळीच्या तोंडाचा आवळ, म्हणजे चोक, एक-दोन पायऱ्यांनी मोकळा ठेवतात.

मग आकाराचा हिशेब आला, आणि माझ्यासारख्याची अडचण नेमकी तिथे आहे. शिशाची घनता ११.३ आणि पोलादाची ७.९ च्या आसपास, म्हणजे त्याच मापाचा पोलादी छरा सुमारे तीस टक्क्यांनी हलका. त्याची ताकद टिकवायची तर छरा मोठा घ्यावा लागतो. नंबर लहान तसा छरा मोठा, म्हणून शिशाच्या सहा नंबरच्या, म्हणजे २.६ मिलिमीटरच्या जागी पोलादाचा चार नंबर घेतात. पण मी घरी शिशाचा चार नंबर वापरतो. त्या वजनाचा पोलादी छरा साडेतीन मिलिमीटरच्या आसपास जातो. युरोपातल्या नियमांप्रमाणे साध्या, नायट्रो चाचणी (म्हणजे धूररहित दारूच्या दाबाची चाचणी) झालेल्या बंदुकीसाठी जी पोलादी काडतुसे असतात, त्यांच्यात छरा ३.२५ मिलिमीटरपेक्षा मोठा नसतो आणि दाब ७४० बारच्या (इथे बार हे दाबाचे माप) आत राहतो. त्यापुढची ताकदवान काडतुसे १०५० बारपर्यंत जातात. त्यांच्यासाठी बंदुकीची १३७० बारला वेगळी चाचणी होते आणि उत्तीर्ण झालेल्या नळीवर लिलीच्या फुलाची खूण उमटवतात. छरा चार मिलिमीटरपेक्षा मोठा असेल, तर चोकही अर्ध्याहून घट्ट चालत नाही. मी मैदानावर चालवलेल्या बंदुकीच्या नळीवर ती खूण होती. गृहस्थांनी भिंग देऊन ती मला दाखवली. नखाच्या टोकाएवढी, पण रेषा ठसठशीत.

दलदलीच्या कडेने फिरताना भरतीने आणून टाकलेल्या काड्याकचऱ्यात पांढऱ्या, फुलासारख्या चार पाकळ्या उघडलेल्या प्लास्टिकच्या वाट्या पडलेल्या दिसत होत्या. पोलादी छऱ्यांना नळीपासून दूर ठेवणारी हीच ती वाटी. छरे पुढे जातात आणि ती मागे पडते, मग समुद्र ती कुठेही नेतो. विरघळणाऱ्या किंवा कुजणाऱ्या वाट्या आता निघाल्या आहेत आणि ते गृहस्थ त्याच घेत होते, पण किनाऱ्यावर जे दिसत होते ते सगळे प्लास्टिकच होते. कासवांची अंडी जपणाऱ्या वायंगणी किंवा वेळास गावच्या लोकांना याबद्दल काय वाटेल, हा प्रश्न मला त्याच ठिकाणी पडला. शिसे गाळात जाते आणि दिसत नाही, प्लास्टिक दिसते. एवढ्यावरून मी शिशाच्या बाजूने जाणार नाही, पण पोलादाला निर्दोष ठरवणाऱ्यांनी हा किनारा पाहावा.

गावी परतल्यावर पहिले काम म्हणजे आमची दुनळी परवानाधारक कारागिराकडे नेणे. त्याने नळ्या काढल्या, आतून दिवा धरून पाहिल्या, मापे घेतली आणि तळाच्या खुणा पुसून वाचल्या. नायट्रो दारूची चाचणी झाल्याची जुनी बर्मिंगहॅमची खूण होती, लिलीचे फूल अर्थातच नव्हते. काडतुसाचे घर ६५ मिलिमीटरचे निघाले, तर पोलादी काडतुसे बहुतेक ७० मिलिमीटरची असतात. छोट्या घरात लांब काडतूस बसते, बार निघताना मात्र त्याचे तोंड पुढे उलगडायला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. उजव्या नळीचा आवळ सौम्य होता, डाव्या नळीचा मात्र पूर्ण, म्हणजे इंचाच्या चाळीस हजारांशांएवढा. शिसे अशा आवळातून दबून निघते. पोलाद दबत नाही, ते नळीलाच बाहेर ढकलते आणि तोंडाशी फुगीर कडे उमटते. कारागीर म्हणाला, आवळ मोकळा करून देता येईल, पण नळीला हात लावला की तिची पुन्हा दाबचाचणी करून घ्यावी लागेल, आणि एवढ्या जुन्या, पातळ नळीबाबत तो स्वतः ते सुचवणार नाही. मला त्याचे म्हणणे पटले. वडिलांची बंदूक म्हणून नव्हे, तर तीस ग्रॅम छऱ्यांसाठी स्वतःचा हात पणाला लावण्यात शहाणपण नाही म्हणून.

अशा जुन्या बंदुकांसाठी तिकडे बिस्मथचे छरे वापरतात. त्याची घनता ९.८ च्या जवळ, म्हणजे पोलाद आणि शिसे यांच्या मधली, आणि तो मऊ असल्याने जुन्या नळीला सोसतो. किंमत मात्र शिशाच्या कितीतरी पट. दुकानदाराला हेही विचारले. त्याने हसून वही मिटली.

मग आमच्या बागेत प्रत्यक्षात काय बदलले, ते सांगतो. खाजणाच्या बांधावरून बार काढणे मी पूर्ण बंद केले. भाताच्या राखणीला आता दोन कुत्रे, बांधावरचा कंदील आणि पत्र्याचा डबा आहे. डुकरे याने कमी घाबरतात हे कबूल करायला हवे, आणि पहिल्या हंगामात कडेचे भात गेलेही. फारच नड पडली, तर बार काढतो तो वरच्या अंगाच्या सड्याच्या, म्हणजे उघड्या कातळाच्या माळाच्या, दिशेने, जिथे पाणी साचत नाही आणि कोंबड्या पोहोचत नाहीत. शिसे तिथेही पडतेच, पण पाणपक्ष्यांच्या तोंडी जात नाही. कोंबड्यांना घरामागे जाळीचे आवार केले. वडील ठासणीच्या काळात ज्या लोखंडी पळीत शिसे वितळवत, ती पळी अजून चुलीजवळच्या फळीवर होती. ती मी तिथून काढली. शिसे ३२७ अंशांना वितळते, म्हणजे चुलीच्या विस्तवावर सहज. त्याची राख आणि धूळ ज्या घरात लहान मुले रांगतात तिथे नको.

परवान्यावरील शस्त्र बदलून मिळावे, असा अर्जही मी जिल्हादंडाधिकारी कार्यालयात दिला आहे. त्याला पोलिसांचा अहवाल लागतो आणि तो सावकाश येतो. नवी बंदूक घ्यायची झाली, तर ७० मिलिमीटरचे घर, बदलता येणारे चोक आणि नळीवर लिलीचे फूल, या तीन गोष्टी पाहिल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत, असे ठरवले आहे. पोलादी काडतुसे इथल्या दुकानात जेव्हा येतील तेव्हा येतील, पण ती आल्यावर बंदूक शोधत बसण्यापेक्षा क्रम उलटा असलेला बरा.

या तयारीत एक अडचण मात्र मला कोणत्याही पुस्तकाने किंवा इंग्लंडातल्या कोणी सांगितली नव्हती. वाऱ्याने पडलेला फणस कापायला गिरणीवर नेला, तेव्हा मालकाने खोडात रुतलेले शिशाचे जुने छरे दाखवले. पट्टा करवतीने ते लाकडासकट सरळ कापले होते, फळीवर फक्त करडे ठिपके होते. पुढे पोलादी छरे वापरायचा विचार आहे, असे मी सहज बोलून गेलो. त्याने करवत बंद केली. “शिसां आसलां तर पट्टी कापून जाता. लोखंड गावलां तर दाते उडतत. पट्टीचे पैसे तुमी देतलास?” डेन्मार्कमध्येही जंगलमालकांनी याच कारणाने पोलादाला हरकत घेतली होती आणि तिथे झाडीत वापरण्यासाठी मऊ धातूंची वेगळी काडतुसे निघाली, हे मी नंतर वाचले. तेव्हा पोलाद मिळाले तरी ते आमच्याकडे उघड्या सड्यावरच चालेल, आणि कातळावरून ते उसळते म्हणून तिथेही बार चढाच काढावा लागेल. फणस, आंबा आणि ऐन असलेल्या बाजूला बंदूक न्यायचीच नाही, असे आम्ही घरात ठरवले आहे. तिकडचे वानर कुत्र्यांच्या वाट्याचे.